मोरपंखी साटीनची उलटी बाजू

पाटोद्यात एसटी स्टँडच्या मागं महानंदाअक्काचं शिलाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे नवऱ्याच्या किराण्याशेजारची पडवी, एक मशीन आणि अक्काची जीभ. दोन्ही सारख्याच वेगानं चालत. सोमलिंगअप्पा गल्ल्यावर बसून नुसती मान डोलवायचे. मधे बोलण्यात हशील नाही, हे त्यांना लग्नानंतर लवकरच उमगलं होतं.

अक्काकडं नवं कापड फारसं येत नसे. यायचे ते दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले कपडे, थोरल्याचा शर्ट धाकट्याला, मावशीचं पोलकं भाचीला. इतर शिंपी अशा कामाला नाक मुरडायचे. अक्का म्हणायची, "नव्या कापडाला कुणीबी कात्री लावील. जुन्याला आधी समजून घ्यावं लागतंय." आणि ती खरोखरच घ्यायची. कपडा आला की आधी उसवायला बसायची, पार शेवटच्या टाक्यापर्यंत. नुसती कडेनं शिलाई मारून घेतली तर पहिल्या मालकाचं अंग त्यात राहतं, असं तिचं शास्त्र होतं. जुन्या चिंधीला इतका जीव लावणारी बाई पंचक्रोशीत दुसरी नव्हती.

पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. घरांवर डिशच्या छत्र्या उगवल्या होत्या आणि पोरींना टीव्हीतल्यासारखे पंजाबी ड्रेस हवे होते. एका बाजारच्या दिवशी तुळजाबाई गाठोडं घेऊन आली. ती जवळच्या गावात मोहनराव पुढाऱ्यांच्या घरी धुणंभांडी करायची. गाठोड्यात मोहनरावांच्या लेकीचा, प्रियदर्शनीचा, जुना ड्रेस होता. मोरपंखी साटीन, खांद्यावर फुगे, गळ्याला सोनेरी लेस आणि घेर गोधडीएवढा.

"मालकीणबाईंनी दिला," तुळजाबाई म्हणाली. "माझी अंजना घालून कॉलेजला गेलती. तर प्रियदर्शनीताईच्या मैतरणी वरडल्या, ह्यो तर आपल्या प्रियाचा! लई हसल्या. तवापासून पोरगी घरातून हालंना. म्हणती, आता कॉलेज न्हाई. अक्का, ज्याचा त्याला वळखू येऊ नये असा करून द्या."

अक्काच्या कपाळाची शीर उठली. कपडे देणाऱ्यांचा तिला राग नव्हता; दुसऱ्याच्या अंगावरचा कपडा ओळखून हसणाऱ्यांचा होता. "पोरीला घिऊन ये," ती म्हणाली. "नुसता कपडा बघून शिवता येत न्हाई."

अंजना आली. उंच, हडकुळी, खांदे पाडून चालणारी. प्रियदर्शनी बुटकी आणि अंगानं भरलेली. म्हणजे रुंदीला कापड चिक्कार, लांबीला तोकडं. अक्कानं सगळं उसवलं, फुगे आणि लेस फेकून दिली, घेराची रुंदी उभी धरली, तशी लांबी मिळाली. मग तिनं साटीन उलटं केलं. आतली बाजू चकाकत नव्हती, शांत आणि गडद होती. तीच वर घेतली. खांदे असे नेमके बसवले की अंजनाला ते पाडायची सोयच उरली नाही.

एकच घोटाळा झाला. अक्का लिंगायत. वाकताना गळ्यातलं इष्टलिंग लोंबू नये म्हणून घरच्या बायकांच्या पोलक्याला ती आतून छातीशी एक छोटा खिसा लावायची. हात सवयीनं चालले आणि अंजनाच्याही ड्रेसला तो खिसा लागला. ध्यानात आल्यावर अक्का स्वतःवरच चिडली. उसवायला घेणार, तोच अंजना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, अक्का. एसटीचा पास ठिवीन."

अंजना पुन्हा कॉलेजला जाऊ लागली. कुणीही काही ओळखलं नाही. अक्का इतकी खूश झाली की त्या दिवशी सोमलिंगअप्पांनाही थोडं बोलायला मिळालं.

मग एका दुपारी खुद्द मोहनरावांच्या पत्नी केशरबाई लेकीला घेऊन दारात उभ्या राहिल्या. अंजना तेव्हा एसटीची वाट बघत पडद्यामागं अक्काला कपड्यांची बटणं लावून देत होती.

"हिनं एसटीत तुळजाच्या पोरीचा ड्रेस बघितला," केशरबाई म्हणाल्या. "आतल्या खिशातून पास काढती म्हणं. तवापासून माझं डोकं खाल्लंय. तसाच पाहिजे, खिशासकट. कापड कुठलं ते सांगा, औरंगाबादहून आणवू."

अक्का पेचात पडली. खरं सांगावं तर पोरगी पुन्हा घरात बसणार, आणि खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "त्ये कापड आता मिळत न्हाई," ती कशीबशी म्हणाली.

"कावून मिळत न्हाई?"

पडदा हलला आणि अंजना बाहेर आली. अंगावर तोच ड्रेस. अक्कानं डोळ्यांनी तिला दटावलं, पण ती थांबली नाही.

"ह्ये तुमचंच कापड हाय, ताई," ती प्रियदर्शनीला म्हणाली. "तुमच्या आईनं दिलेला ड्रेस. अक्कानी उलटा करून शिवला." आणि बाहीची कड परतून तिनं आतलं चकाकतं मोरपंखी दाखवलं.

प्रियदर्शनीनं ती कड बोटांत धरली, बराच वेळ पाहिली.

"मग माझ्या अंगावर असा कावून दिसला न्हाई?" तिनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता, खरीच हळहळ होती.

"तुमचं माप कुणी घेतलंच न्हाई, बाळ. तयार आणला हुता," अक्का म्हणाली आणि टेप गळ्यातून काढला. "या, उभ्या ऱ्हावा हिथं."

बाहेर एसटी लागली. अंजना निघाली, तशी अक्का तिच्या मागं दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "उद्या समद्या कॉलेजला कळंल गं."

"कळू द्या," अंजना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती तोच ड्रेस घालून कॉलेजला गेली.