पापण्या बघणारी आत्या

आमच्या इमारतीत एक अफवा पक्की आहे: माझी आत्या नुसत्या नजरेनं समोरच्याच्या बरगड्या मोजते. ती लिफ्टमध्ये शिरली की लोक पिशवी, फाइल, हाताला लागेल ते छातीशी धरतात. साफ खोटं! आत्या छातीतल्या दुर्मीळ गाठी काढणारी सर्जन आहे खरी, पण ती बघते पापण्या. आणि बसत नाही. चहासुद्धा येरझाऱ्या घालत पिते. कप एका खोलीत सापडतो, बशी दुसऱ्या खोलीत.

एकदा मी भूगोलाच्या सरांची नक्कल करत होते. पहिल्या तासाला आवाज खणखणीत. शेवटच्या तासाला नाकात, शब्द जडावलेले, डोळे अर्धे मिटलेले. आई हसून हसून बेजार. आत्या मात्र चालता चालता थांबली.

"परत कर. शेवटचा तास."

केली.

"सकाळी ठणठणीत, दुपारनंतर असं? रोज?"

"अगं, पितात ते! सगळ्या वर्गाला माहितेय. लाव पैज."

"लावली. हरलीस तर हीच नक्कल त्यांच्यासमोर करायची."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना आत्याबाईसाहेब शिक्षकांच्या खोलीत हजर. "सर, मिनिटभर त्या पंख्याकडे बघत राहा." सरांच्या पापण्या हळूहळू खाली आल्या.

स्कॅनमध्ये छातीच्या मधल्या हाडामागे लिंबाएवढी गाठ दिसली.

"गाठ तिथे, मग पापणी का पडते?" बाबा.

"दादा, अशी गाठ असली की कधी कधी शरीर आपल्याच स्नायूंशी भांडतं. वापरले की ते दमतात. आज पापणी, उद्या श्वास."

आधी औषधं देऊन सरांना ऑपरेशनला तयार करायचं होतं. ते दोन आठवडे आत्यानं आमची फरशी झिजवली. "गाठ श्वासाच्या नसेला चिकटलेय. नस दुखावली तर..." एवढंच म्हणायची आणि उगाच फ्रिज उघडून बंद करायची.

ऑपरेशन पाच तास चाललं. मग फोन: "सुटली. नस शाबूत." हुश्श करावं, तर लगेच, "पण गाठीच्या तपासणीचा अहवाल यायचाय."

आठव्या दिवशी अहवाल आला. गाठ पूर्ण निघाली होती. सरांचा आवाज सुधारायला मात्र काही महिने लागणार होते. आत्यानं मला धरून त्यांच्या पलंगापाशी उभं केलं. "कर."

मान खाली घालून केली एकदाची. सर परीक्षकासारखे बघत होते.

"डावी पापणी आधी पडायची," ते म्हणाले. "चुकलं. पहिल्यापासून कर."