आईच्या गालातला पांढरा डाग

आईला मशेरी लागायचीच. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि डबीत भरून ठेवायची. सकाळी बोट दातांवर फिरल्याशिवाय तिचा चहा होत नसे. मी बोलले की म्हणायची, "तुज्या सासरी बोरीला बायका काय दुधानं दात घासत्यात?"

गालात आतून पांढरा डाग दिसला, तेव्हा मी तिला डिंगोऱ्याहून नारायणगावला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तुकडा काढून तपासायचा म्हटल्यावर ती खुर्चीतून उठलीच. हत्यार लागलं की पसरतं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग बाई म्हणाल्या, "मावशी, कापत नाही. आधी ब्रशने नुसत्या पेशी घेऊ." बारीक, कडक केसांचा ब्रश त्यांनी डागावर गरागरा फिरवला. थोडं रक्त आलं. ब्रशला लागलेलं काचेवर पसरवलं.

परतताना एसटीत ती खुशीत होती. "लई बरं झालं. घासून काढलं समदं." अगं, ही नुसती तपासणी आहे, मी परोपरीनं सांगितलं. पण जन्मभर जिनं दातांची दुखणी घासूनच घालवली, तिला घासणं म्हणजेच औषध.

रिपोर्टमध्ये पेशी संशयास्पद निघाल्या. खात्रीसाठी तुकडा काढावाच लागणार होता. मी विनवलं, भांडले, अबोला धरला. "येकदा घासलंय ना? आता झोंबत बी न्हाई," एवढंच तिचं उत्तर. मशेरी चालूच. मला अजून तिचा संताप येतो. अख्ख्या आळीतल्या बायका जिचा सल्ला घ्यायच्या, ती स्वतःच्या बाबतीत अशी वागली.

मानेत गाठ आली तेव्हा आपणहून म्हणाली, "चल, त्या बाईला म्हनावं, काप आता." तोवर कापून उपयोग राहिला नव्हता. शेवटी तिला पेजसुद्धा गिळवत नव्हती.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. तिच्या आवडीचं सगळं मांडलं, तरी कावळा शिवेना. भावानं हात जोडून काय काय कबूल केलं. मग चुलतीनं कनवटीची मशेरीची डबी काढून पिंडाशेजारी ठेवली. ती उचलून नदीत भिरकावावी म्हणून मी पुढे झाले, तेवढ्यात कावळा उतरला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी तिथंच रडले. मेल्यावरही तिनं माझं ऐकलं नाही.