चौदा नंबरची बाटली

आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र कोणाला येत होतं, असं कोणी विचारलं तर मी देवाजीचं नाव घेईन. देवाजी लॅबचा अटेंडंट, खापा गावचा, सातवी नापास. बाकी आम्ही सगळे एमएस्सी, आणि आमची मला आज शिसारी येते. १९८१ साली तो निवृत्त झाला तेव्हा निरोप समारंभात मी त्याच्या प्रामाणिकपणावर दहा मिनिटं बोललो. जे सांगायला हवं होतं ते तेव्हाही गिळलं.

मी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून नवा लागलो तेव्हा फ्लेम टेस्ट, म्हणजे ज्योतीच्या रंगावरून सॉल्ट ओळखणं, मला त्यानेच नीट शिकवलं. प्लॅटिनमची तार आधी ॲसिडात बुडवून तापवायची, स्वच्छ झाली की मगच तिच्यावर सॉल्टची भुकटी घ्यायची. स्ट्रॉन्शियम लाल जळतं, बेरियम हिरवं. आमचे विभागप्रमुख, हेडसर, वर्गात पंधरा वर्षांपूर्वीच्या पिवळ्या वह्या वाचून दाखवत. त्यात खोकायच्या जागासुद्धा ठरलेल्या आहेत, असं पोरं म्हणत. खरं शिकवणं म्हणे घरच्या ट्यूशनला. तिथे तरी कसलं शिकवणं! परीक्षेच्या आदल्या दिवशी सर बाटल्यांची यादी सांगून टाकत, अमुक नंबरात अमुक सॉल्ट. पोरं ती घोकून येत आणि प्रॅक्टिकलला तीन तास परीक्षानळ्या हलवायचं नाटक करत. सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

१९७२ च्या परीक्षेआधी देवाजी बाटल्या भरत होता आणि बेरियम क्लोराइड संपलं. त्याने हेडसरांना विचारलं. ते घाईत होते. चौदा नंबरात स्ट्रॉन्शियम भर, यादी मी दुरुस्त करतो, म्हणाले. केली नाही.

परीक्षेत चौदा नंबर चौघांना आला. तिघं ट्यूशनची. चौथी प्रेमिला, इंदोरा वस्तीतली, बाप गिरणीत. ट्यूशन नाही, पण लॅब बंद होईपर्यंत बर्नरपाशी उभी राहणारी. नापास झाली तर शिष्यवृत्ती जाणार आणि शिक्षण संपणार, हे तिने देवाजीला कितीदा तरी सांगितलं होतं. तिघांनी बेरियम लिहिलं, तिने स्ट्रॉन्शियम. हेडसरांनी यादी पुढे धरली, बाहेरगावच्या परीक्षकांनी तिघांना पैकीच्या पैकी दिले आणि हिला शून्य. म्हणजे नापासच.

देवाजीने टेबलापाशी येऊन सांगितलं, "सर, चवदा नंबरात स्ट्रॉन्शियम हाय. मीच भरलं."

हेडसरांचा चेहरा उतरला. हो म्हणावं तर तिघांनी एकच चूक कशी केली, हा प्रश्न निघणार आणि ट्यूशनला यादी फोडल्याचं बाहेर येणार. त्यांनी बेधडक सांगितलं की बाटलीत बेरियमच आहे, हा शिपाई काहीतरी बरळतो आहे. देवाजी वाद घालत बसला नाही. त्याने तार तापवली, चौदा नंबरची भुकटी घेतली आणि ज्योतीत धरली. ज्योत लालभडक झाली. परीक्षकांनी ती पाहिली, मग हेडसरांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. हेडसरांच्या घरी परीक्षकांसाठी केलेलं वडाभाताचं जेवण वाट पाहत होतं. शेवटी परीक्षक माझ्याकडे वळले.

"तुम्ही सांगा. रंग कोणता?"

मला कायम करायचे कागद हेडसरांच्या टेबलावर होते. दारात प्रेमिला उभी होती.

"हिरवा," मी म्हणालो.

परीक्षकांनी गुणपत्रक मिटलं. मी त्यांच्याबरोबर जाऊन वडाभात जेवलो, दोनदा वाढून घेतला. त्या जेवणाची किळस अजून जिभेवर आहे. पुढच्या वर्षी हजेरीपटावर प्रेमिलाचं नाव नव्हतं.

त्या परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये कोणी नव्हतं. देवाजीने मला बर्नरपाशी बोलावलं. काल काही झालंच नाही अशा शांतपणे त्याने तार धुतली, चौदा नंबरची बाटली उघडली आणि भुकटी ज्योतीत धरली.

"सर, कोन्ता रंग हाय हा?"

"लाल," मी म्हणालो.

त्याने गॅस बंद केला.

"मले रातभर वाटून राहिलं होतं, सरले रंग दिसत नसन. डोये तर बरोबर हायेत तुमचे."