उजव्या काखेतलं चौंडकं

ऑपरेशनला चार महिने झाले तरी माझ्याच्याने चौंडकं धरवत नव्हतं. छातीचा कॅन्सर डाव्या बाजूला होता, काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. चौंडकं हे एकतारी वाद्य डाव्या काखेतच दाबून धरायचं, त्याच हाताने तार ताणायची आणि उजव्या हाताने छेडायची. डॉक्टर म्हणाले, ही काख आता दाबायची नाही. वीस वर्षं मी दर मंगळवारी देवीच्या गाण्यांना साथ केली होती. चारचौघांत मला बोलता येत नाही. देवीशी जे बोलले ते तारेतूनच. मनात यायचं, आई, जीव वाचवलास आणि वाचा काढून घेतलीस का?

आमच्या घरात मुकं चौंडकं ठेवत नाहीत. वाजवणारीला जमेनासं झालं की ते यल्लम्माच्या पायाशी नेऊन ठेवायचं, ही सासूबाईंची शिकवण. एका मंगळवारी त्याला हळदकुंकू लावून मी एकटीच देवळात गेले.

पायरीवर एक अनोळखी म्हातारी बसली होती, कपाळभर भंडारा लावलेली. मी चौंडकं ठेवायला वाकले, तर म्हणाली, "ठिवतीस कशाला गं? तार चांगली हाय की."

मी कसंबसं डाव्या काखेचं सांगितलं.

"आन् उजवी? तीबी कापली व्हय?"

मला हसू आलं. "उजव्या काखेत कोण धरतं आजी?"

"मी धरते की! जन्माची डावरी हाय. सासू लई वरडायची. पर यल्लम्मानं कुणाची काख बगून गाणं ऐकलंय व्हय? धर हितं."

तिने चौंडकं माझ्या उजव्या काखेत बसवलं आणि छेडायची काडी डाव्या हातात दिली. छेडायला नुसतं मनगट हलवायचं होतं, दुखलं नाही. पण ठोके चुकत होते. "एवढी वडू नगंस, सैल सोड," ती म्हणाली. मी हात सैल केला आणि आवाज घुमला. तिने गाणं धरलं. मी चुकले की ती तीच ओळ पुन्हा म्हणायची, मी येऊन मिळेपर्यंत. गाणं संपल्यावर तिची एसटी होती म्हणून ती उठून गेली. नाव विचारायचं राहिलं.

चौंडकं घेऊन मी घरी आले. दोन महिने रोज सराव केला. परवाच्या मंगळवारी पहिल्यांदा बायकांत बसले, तर डावीकडे बसलेल्या जाऊबाई ओरडल्या, "अगं, तुजं कोपार आता माज्या बरगडीत घुसतंय की! सरक, म्होरं बस." आजवर मी सगळ्यांच्या मागे बसत आले. त्या दिवशी देवीसमोर बसून वाजवलं आणि एक ठोका चुकला नाही.

मी चौंडकं वाहायला गेले होते. आईने ते मला परत दिलं आणि 'जमेल तर पहिल्यासारखंच' हा माझा हट्ट तेवढा ठेवून घेतला. तो मी आधीच तिच्या पायाशी ठेवला असता, तर चार महिने घर मुकं राहिलं नसतं. आता ती ज्या हाताने वाजवून घेईल, त्या हाताने मी वाजवीन.