मागे विमलताई आहेत

अमोलचा फोन आला तेव्हा मी आईला भरवत होते. विमलताईंचा हा मुलगा विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात आहे, सकाळी त्याची पाळी असते, त्या वेळी तो कधीच फोन करत नाही. त्यामुळे नाव दिसलं आणि मी चमचा वाटीत ठेवला. "मावशी," एवढं म्हणून तो थांबला. "आई गेली. मतलब... आत्ताच. झोपेतच." तो जयपुरात वाढलेला, त्याचं मराठी एरवीही अडखळतं. मी "येते" म्हणाले, फोन ठेवला आणि आईचा उरलेला दलिया भरवून संपवला. कुणाला हे विचित्र वाटेल. पण जिच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, तिला कळेल. घास अर्धा सोडून उठता येत नाही. आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला बोलता येत नाही, पण समजतं. मी सांगितलं, "विमलताई गेल्या गं." तिनं डावा हात, जो चालतो तो, उचलून माझ्या मनगटावर ठेवला.

आज त्याला दीड महिना होऊन गेला. जयपुरात आता ऊन तापायला लागलंय. सकाळी सहानंतर पळवत नाही, आणि मला तर सहाच्या आधीही पळवत नाही. खरं सांगायचं तर मी दमले आहे. लिहायला बसले तेही दमूनच. तरी विमलताईंबद्दल कुणीतरी लिहायला हवं असं वाटलं. त्या कुठे जिंकल्या नाहीत, त्यांचा कुठे सत्कार झाला नाही. आमच्या प्रताप नगरातल्या बायकांच्या पळण्याच्या गटात त्या नेहमी सगळ्यांत शेवटी असायच्या, आणि ते मुद्दाम.

मी मूळची हिंगोली जिल्ह्यातली. आई आठवडी बाजारात बांगड्या भरायची, त्यावर आमचं घर चाललं आणि माझं शिक्षणही. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बँकेत अधिकारी झाले, बदली होत होत जयपूरला आले, आईला घेऊन आले. थोडं सुखाचं बसून खाईल म्हटलं, तर वर्षाच्या आत तिला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. लग्न मी केलेलं नव्हतं, भाऊ-बहीण नाही. दिवसा एक बाई ठेवली, रात्री मी. कूस बदलायची, कपडे बदलायचे, पाणी पाजायचं, आणि सकाळी बँकेत जाऊन काउंटरवरच्या माणसाशी हसून बोलायचं. काही महिन्यांत माझी अशी अवस्था झाली की एकदा एका ग्राहकासमोर बसल्या बसल्या मला झोप लागली. नोकरी सोडून आईला घेऊन गावी जायचं मी ठरवून टाकलं होतं. ज्या नोकरीसाठी आईनं उन्हातान्हात बांगड्यांची पेटी वाहिली, तीच तिच्यासाठी सोडायची, हे मला त्या वेळी अगदी सरळ वाटत होतं.

विमलताई आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या. साताऱ्याकडच्या. नवरा सुभेदार, शेवटची नेमणूक जयपूरची. निवृत्त झाल्यावर इथेच हाउसिंग बोर्डाचं घर घेतलं आणि थोड्याच काळात हृदयविकारानं गेले. सगळे म्हणाले, गावी चला, तर या गेल्या नाहीत. कुणाकडून तरी त्यांना कळलं की पुढच्या गल्लीत एक मराठी पोरगी आहे आणि तिचं कठीण चाललंय. एका संध्याकाळी पिठल्याचा डबा घेऊन दारात उभ्या. आईला बघितलं, मला बघितलं. "हिच्यापेक्षा तूच आजारी दिसतीस की गं," म्हणाल्या. मग आईकडे वळून, "काय वो, पोरीला उपाशी ठेवता व्हय?" आई हसली. लकवा झाल्यापासून पहिल्यांदा हसली, एका बाजूनं.

निघताना त्यांनी हुकूमच सोडला. "उद्यापासनं सकाळी मी बसती हिच्यापाशी. तू भाईर पड."

"बाहेर पडून काय करू, ताई?"

"चाल. पळ. रड. कायबी कर, पर हितं बसू नगंस."

मी बाहेर पडले ते खरोखर रडायलाच. बागेच्या कोपऱ्यावर चहाची थडी आहे, इथे टपरीला थडी म्हणतात, तिच्यामागे उभी राहून रडायचे, मग एक चक्कर मारायचे आणि परत यायचे. हळूहळू रडणं कमी आणि चक्कर मोठी होत गेली. मग त्यांनी मला रविवारच्या गटात ओढलं. सात-आठ बायका होत्या. नवऱ्यानं टाकलेल्या शाळामास्तरीण सरोजजी, मूल गेलेली एक, नुसतीच साखर वाढलेली एक. फौजीच्या बायकोच्या शिस्तीनं विमलताईंनी तिथे 'ड्युटी' लावली होती. ज्या घरी आजारी माणूस असेल, तिथे दर रविवारी गटातली एक बाई पळायला न येता बसून राहायची. पाळीपाळीनं. या ड्युटीतून कुणाला सुटका नव्हती. माझ्या आईला त्यामुळे मारवाडी, पंजाबी, सगळ्या प्रकारचा चहा चमच्यानं प्यायला मिळाला.

पहिल्या रविवारी मी सगळ्यांत मागे होते. लाज वाटत होती. पाय जड, छाती भरलेली, पुढच्या बायका वळणापलीकडे दिसेनाशा झालेल्या. मागे वळून पाहिलं तर विमलताई. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट, पदर कमरेला खोचलेला, आणि अगदी निवांत. त्यांना माझ्यापुढे सहज जाता आलं असतं.

"तुम्ही जा ना पुढे," मी म्हणाले.

"मी का जाऊ? मी तुझ्या मागं हाय. म्हंजे तू शेवटची न्हाईस. बास की, आनी काय पायजे?"

तेव्हापासून मी हे पाहत आले. सरावात असो, की थंडीत शहराची मोठी मॅरेथॉन असते तिच्यात असो, जी कोणी सगळ्यांत हळू असेल तिच्या मागे विमलताई असायच्या. कधी आमच्यातली, कधी अगदी अनोळखी. तिला बोलण्यात गुंतवत, टोमणे मारत शेवटच्या कमानीपर्यंत आणायच्या आणि तिथे दोन पावलं मागे थांबून तिला आधी आत जाऊ द्यायच्या. आम्ही आमचं पळून झालं की चहा पीत उभ्या राहायचो. कुणी आली नाही म्हणून काळजी वाटली की एकीनं तरी म्हणायचंच, "पीछे विमलताई हैं ना." आणि खरंच, थोड्या वेळानं दोघी येताना दिसायच्या.

लोक म्हणतात पळण्यानं आयुष्य बदलतं. माझं फार काही बदललं नाही. आई आहे तशीच आहे. रात्री अजून उठावं लागतं. एवढंच झालं की मी नोकरी सोडली नाही. आणि आणखी एक... जागरणाचा थकवा अंगावर येऊन पडतो, आपण त्याच्याखाली असतो. पळून आलेला थकवा माझा स्वतःचा होता. दिवसभरात तेवढीच एक गोष्ट माझी होती. सरोजजी एकदा म्हणाल्या होत्या, शाळेत, माहेरी, कोर्टात सगळीकडे मला कुणी ना कुणी खेचत असतं, इथे निदान माझेच पाय मला नेतात. त्यावर विमलताई त्यांच्या साताऱ्याच्या हिंदीत म्हणाल्या, "तो फिर इतना धीरे काहे को नेते हैं?"

दोन वर्षांपूर्वी त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, केस गेले. डॉक्टर म्हणाले, चाला, पण पळू नका. त्या चालत होत्या. पण गेल्या थंडीत मॅरेथॉन जवळ आली तसं त्यांनी अमोलपाशी हट्ट धरून बसायला सुरुवात केली. अर्धी मॅरेथॉन, एकवीस किलोमीटर, एकदाच. अमोल चिडला, रडला, शेवटी मला म्हणाला, "मावशी, तुम्ही समझवा ना तिला." मी गेले समजवायला. त्या खिडकीपाशी मटार सोलत बसल्या होत्या.

"रेखा, दवाखान्यात मला खुर्चीवरनं नेत्यात, पलंगावरनं नेत्यात. सारखं कुणीतरी नेतंच हाय. एकदा शेवटापातुर माझ्या पायानं जाऊ दे. मग बसती की पलंगावर. कुठं पळून जाती?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या. मला समजवता आलं नाही.

त्या दिवशी धुकं होतं. सुरुवातीला आम्ही सगळ्या त्यांच्याबरोबर राहायचं म्हणत होतो, तर त्यांनी अक्षरशः हाकललं. "म्होरं व्हा! माझ्याभवती वरात नगं." आम्ही पुढे गेलो. आमचं झालं, पदकं मिळाली, चहा झाला, फोटो झाले. विमलताई आल्या नाहीत. कुणीतरी म्हणालं, पीछे किसी को लेकर आ रही होंगी. ते आम्हाला पटलं. सगळ्यांना पटलं, कारण वर्षानुवर्षं तसंच होत आलं होतं. त्या उशिरा येतात ते दुसऱ्या कुणासाठी, हे आमच्या अंगवळणी इतकं पडलं होतं की आज त्या स्वतःच हळू असतील हे त्या गर्दीत कुणाच्या डोक्यात आलं नाही. रस्त्यावरचे अडथळे काढायला सुरुवात झाली. मग एक जाडसर तरुण मुलगी आली, धापा टाकत. आमचे सारख्या रंगाचे टी-शर्ट बघून थांबली. "आपकी एक आंटी हैं पीछे. मेरे साथ थीं. फिर मुझसे बोलीं, तू जा, मैं आती हूँ।"

"उनके पीछे कौन है?" सरोजजींनी विचारलं.

"पीछे? पीछे तो कोई नहीं है."

मी उलट्या दिशेनं पळत सुटले. रस्ता वाहनांना मोकळा झाला होता, मी कडेकडेनं जात होते. कागदी पेले झाडणाऱ्या बायकांच्या पलीकडे, दुभाजकाच्या कठड्यावर विमलताई बसलेल्या दिसल्या. मागे राहिलेल्यांना उचलणारी गाडी त्यांच्यासमोर उभी होती आणि आतला माणूस हात जोडून म्हणत होता, "बैठ जाओ माताजी." त्याही हात जोडून नाही म्हणत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "आलीस व्हय? सांग बाई ह्याला, मी काय कचरा हाय का उचलून न्यायला."

गाडी गेली. त्या उठल्या. आम्ही चालायला लागलो. पळणं तर दूरच, त्यांचं पाऊल वीतभर पडत होतं. माझा हात त्यांनी धरला नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मागं कुणी नसलं ना, की पाठ गार पडती बघ." मग थांबत थांबत सांगितलं की सुभेदार गेले त्या वर्षी त्या पहिल्यांदा अशा शर्यतीत आल्या होत्या, एकट्याच, आणि पोचल्या तेव्हा मैदानावर कुणी नव्हतं. "घरी जाऊन सांगायचं तरी कुणाला? तवाच म्हटलं, आपल्याच्यानं हुईल तोवर कुणाला असं येऊ द्यायचं न्हाई."

आम्ही पोचलो तेव्हा हवा भरलेली ती मोठी कमान हवा काढून रस्त्यावर आडवी पसरलेली होती आणि दोन माणसं तिची घडी घालत होती. सरोजजी त्यांना म्हणाल्या, "रुको भैया, दो मिनट." माणसं हातातलं टोक धरून उभी राहिली. विमलताईंनी कापडावर पाय पडू नये म्हणून साडी उचलली, आणि ज्या चिंचोळ्या जागेत रेघ अजून दिसत होती तिथून त्या पलीकडे गेल्या. त्यांच्या पायांनी. सरोजजींनी स्वतःचं पदक काढून त्यांच्या गळ्यात घालायला पुढे केलं, तर म्हणाल्या, "आपका आप पहनो. मेरे को चाय दो." आमच्यातली कुणीच त्यांच्या डोळ्यांत बघत नव्हती. त्यांच्या ते लक्षात आलं असणार. "मुडदे झाल्यागत काय उभ्या ऱ्हायल्या," त्या मला मराठीत म्हणाल्या. "पोचले की मी."

त्यानंतर त्या पलंगावर बसल्या, म्हणाल्या होत्या तशा. ड्युटी आता त्यांच्या घरी लागली. होळी झाली आणि त्या गेल्या.

तेरावं झाल्यानंतरच्या रविवारी आम्ही थडीपाशी जमलो. उजाडत होतं, निघालो. थोडं अंतर गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की सगळ्यांचा वेग सारखाच कमी होतोय. मी मागे राहायला बघत होते, माझ्याशेजारची माझ्याहून मागे राहायला बघत होती, आणि एरवी हरणासारखी पुढे जाणारी ती साखरवाली बाई तर जागच्या जागी पाय उचलत होती. आम्ही पळतच नव्हतो. सगळ्या रस्ताभर आडव्या एका ओळीत, कुणीच पुढे जायला तयार नाही. मागून मोटारसायकलवर दूधवाला आला, त्याला जायला वाट नव्हती. "मैडमजी, बारात है क्या?" तो म्हणाला. एकजण हसली, आणि हसता हसता तिचं रडू फुटलं.

"ऐसे तो घर भी नहीं पहुँचेंगे," सरोजजी म्हणाल्या. "कोई तो आगे जाओ."

कुणी गेलं नाही. त्या थंडीत आम्ही सगळ्या एकदा पुढे गेलो होतो, ते प्रत्येकीला आठवत होतं. पण आई घरी होती. आम्ही सगळ्याच आल्यामुळे तिच्यापाशी त्या दिवशी कामवाली बाई बसली होती आणि तिला लवकर जायचं होतं. मी पळायला लागले. अंगात जोर नव्हता. पुढे रिकामा रस्ता होता, विमानतळाकडे उतरणारं विमान डोक्यावरून गेलं. पाण्याच्या टाकीपाशी जिथे रस्ता वळतो, तिथे मी मागे वळून पाहिलं. आता दर रविवारी पाहते. सगळ्या येत होत्या, हळूहळू, एकमेकींना चिकटून. शेवटची कोण, ते एवढ्या लांबून ओळखू येत नव्हतं.