आबांच्या पाठीवरचा भोपळा

पाण्याला मी लहानपणापासून घाबरते. माझं माहेर मिरजेचं, आणि कृष्णेच्या घाटावर सगळ्या मैत्रिणी पोहायला शिकल्या तेव्हा मी त्यांचे कपडे राखत बसायचे. त्यामुळं लेकीचं जावळ काढायला लाँचमधून जायचं, असं सासऱ्यांनी जाहीर केलं तेव्हा माझी तव्यावरची भाकरी करपली.

आमची लेक तेव्हा नुकती धरून उभी राहायला लागली होती. जन्मल्याबरोबर ती मिरजेच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. घरी आणल्यापासून मी तिला वारासुद्धा लागू दिला नव्हता. आणि या पोरीला म्हणे धरणाच्या मधोमध न्यायचं!

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. आबांचं मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यातलं. धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं, तेव्हा आबा ऐन तिशीत होते. सरकारनं जमीन दिली ती इकडं तासगावच्या बाजूला, कोरडीठाक. गावकऱ्यांनी येताना देव उचलून आणला आणि नव्या वस्तीत देऊळ बांधलं. घरातल्या पोरांची जावळं तिथंच निघाली, माझ्या नवऱ्याचंही. पण जुन्या गावात देवळाचा चौथरा तसाच राहिला होता. मे महिन्याच्या शेवटी पाणी उतरलं की तो उघडा पडतो, असं कुणीतरी पाहून आलं आणि आबांना सांगून बसलं.

"आवं, देव हितं हाय की," सासूबाई म्हणाल्या. "दगडासाठी कशाला जायाचं तितं?"

"देव आणला गं. जागा कुटं आणली?" आबा म्हणाले. "माझं जावळ त्या चौथऱ्यावर निघालं, माझ्या बाचंबी. एका तरी नातवंडाला तितं उभं करू दे मला."

"करा काय करायचं ते. माझं काय ठेवलंय त्या गावात?" असं म्हणून सासूबाई दळण घेऊन गिरणीत गेल्या. त्या गावात त्या नवरी म्हणून आल्या होत्या आणि दोन-चार वर्षांतच सगळं बांधून निघाल्या होत्या. गावाचा विषय निघाला की त्यांना हमखास काहीतरी काम आठवायचं.

यातली खरी गंमत अशी, की लेक आबांकडं जातच नव्हती. आबांच्या मिशा भरघोस, पीळ दिलेल्या. त्या मिशा दिसल्या की पोरगी टाहो फोडायची. आबा तिला फक्त झोपेत घेत. कधी दुपारी ती झोपली की हळूच येऊन विचारत, "झोपली का?" आणि मग मांडीवर घेऊन श्वासही जपून घेत बसत. त्यामुळं या माणसाला नाही म्हणायला माझी जीभ रेटेना.

जावळाला मामाची मांडी लागते, म्हणून मिरजेहून माझ्या भावाला बोलावणं गेलं. तो तंतुवाद्यांच्या कारखान्यात काम करायचा. सतार-तानपुऱ्याचे भोपळे कापायचे, घासायचे, त्यांना आकार आणायचा, असा त्याचा दिवस. माझी भीती त्याला पुरती ठाऊक होती. निघायच्या आदल्या दिवशी स्वारी आली ती काखेत एक भलाथोरला अख्खा सुका भोपळा घेऊन, दोरीच्या जाळीत बांधलेला.

"हे काय?" मी विचारलं.

"तुझ्यासाठी. पोहायला शिकणारी पोरं पाठीला बांधतात तो. तानपुऱ्यासाठी आलेला माल आहे. वीस माणसं बसवलीस तरी बुडणार नाही."

घरात हसून हसून मुरकुंडी वळली. मी मात्र भोपळा मुकाट्यानं पिशव्यांच्या शेजारी ठेवला. ज्याला भीती वाटते त्याला कळतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे एसटी. आमचं बिऱ्हाड बघण्यासारखं होतं. लंगोटांचं गाठोडं, ग्राइप वॉटरची बाटली, दशम्या, भिजवलेले बेदाणे, ओटीचं सामान, भोपळा, आणि सासूबाईंनी आणलेले दोन कॅन पाणी. होय, पाणी. आमच्या भागात उन्हाळ्यात टँकर येतो. सासूबाई लग्नाला निघोत नाहीतर मयताला, पाण्याचा कॅन बरोबर असतोच.

"आई, आपण धरणावर चाललोय," माझा नवरा म्हणाला.

"आसू दे. पाण्याचा काय भरवसा?"

कंडक्टरनं भोपळ्याला बघून विचारलं, "ह्याचं हाफ का फुल?" सगळी गाडी खिदळली. कऱ्हाडला गाडी बदलली, पाटण मागं पडलं आणि घाटाची वळणं सुरू झाली तसा माझा भाऊ पिवळा पडला. ज्या मामाच्या मांडीवर भाची बसणार होती, तोच मामा कोयनानगर येईपर्यंत खिडकीबाहेर मान घालून होता. पोरगी मात्र त्याच्या प्रत्येक ओकारीला टाळ्या पिटत होती.

धक्क्यावर लाँच उभी होती. लाँच म्हणजे फार काही समजू नका. वर पत्र्याचं छप्पर, बसायला दोन्ही बाजूंना फळ्या आणि मधोमध फटफटणारं इंजिन. लाँचवाला त्याच खोऱ्यातला, वरच्या अंगाच्या एका वाडीचा. आबांनी गावाचं नाव सांगितलं तसा त्यानं बिडी विझवली.

"तुमी त्या गावचं व्हय? बसा बसा. पर यंदा पानी म्हणावं तसं उतरलं न्हाई बगा. चौथरा दिसंल का न्हाई, सांगता यायचं न्हाई."

आबा तरीही सगळ्यात आधी जाऊन पुढच्या टोकाला बसले.

लाँच हलली आणि मी डोळे मिटले. एका हातात लेक, दुसऱ्या हातात भोपळा. इंजिनाच्या आवाजानं पोरगी रडेल अशी माझी खात्री होती. एक डोळा किलकिला करून बघते तर ती माझ्या हाताच्या विळख्यातच कठड्याला धरून उभी, आणि इंजिनाच्या तालावर बूड हलवून नाचत होती. वाऱ्यानं तिचं जावळ डोळ्यांवर येत होतं. मग मी दुसराही डोळा उघडला. दोन्हीकडं डोंगर, मधे ते एवढं पाणी, आणि त्यावर उन्हाचा चकचकाट. मला भीती वाटत होती आणि मजाही वाटत होती. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

थोड्या वेळानं सासूबाईंनी दशम्या सोडल्या आणि कॅनमधून प्रत्येकाला पेलाभर पाणी मोजून दिलं. "सांडू नका," असंही वर बजावलं. आबांनी पेला हातात घेतला, एकदा पेल्याकडं बघितलं आणि एकदा चहूकडं पसरलेल्या पाण्याकडं, आणि खो खो हसत सुटले. "आपल्याच पाण्यात बसून टँकरचं पाणी पितोय गं आपण!" मग सासूबाईंनाही हसू आवरेना. त्यांना इतकं हसताना मी प्रथमच पाहत होते. लाँचवाल्यानंही एक पेला मागून घेतला.

एका डोंगराची सोंड ओळखून आबांनी हात वर केला. लाँच थांबली, इंजिन बंद झालं. चौथरा कुठंच नव्हता. नुसतं पाणी.

आबा बराच वेळ बघत राहिले. या माणसानं त्या एका दगडासाठी आम्हाला इतक्या लांब आणलं होतं, आणि आता त्यांच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत होईना. नवरा म्हणाला, "आबा, राहू दे. इथंच लाँचमध्ये काढू जावळ."

आबांनी पटका काढला, सदरा काढला, धोतर खोचलं आणि कुणी काही म्हणायच्या आत धपकन पाण्यात.

सासूबाई किंचाळल्या. आबा मात्र सराईतासारखे हात मारत निघाले होते. त्या कोरड्या रानात आयुष्य काढलेल्या माणसाला पोहता येतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. थोडं डावीकडं गेले, थांबले, डोंगराकडं बघितलं, परत उजवीकडं वळले. मग एकदम छातीपर्यंत वर आले, कमरेपर्यंत आले, आणि बघता बघता भर धरणात पोटरीभर पाण्यात ताठ उभे राहिले.

"घावला!" आबा ओरडले. त्यांचा आवाज डोंगरावर आपटून परत आला. "हाय रं, हाय! जाग्याव हाय!"

लाँचवाल्यानं बांबूनं रेटत लाँच अगदी चौथऱ्याला नेऊन टेकवली. आबांनी दोन्ही हात पुढं केले. अंगावरून पाणी निथळत होतं, मिशा खाली लोंबत होत्या. "सूनबाई, दे तिला."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. चौथऱ्याच्या पलीकडं पाणी काळंभोर होतं. मी लेकीला असं आवळून धरलं की ती कण्हली. देणार नाही म्हणावं, तर हे हात परत कधी असे पुढं येणार होते? आणि द्यावं, तर पायाखालच्या त्या दगडावर शेवाळ किती असेल कुणास ठाऊक.

"भोपळा बांधा," मी म्हणाले.

"कुनाला? पोरीला?"

"तुम्हाला. पाठीला भोपळा बांधल्याशिवाय मी तिला देणार नाही."

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. आमचे आबा म्हणजे वस्तीतले वजनदार गृहस्थ. भांडणं मिटवायला लोक त्यांना बोलावत. पण आबा पाठमोरे झाले, आणि पहिल्यांदा विहिरीत उतरणाऱ्या पोरासारखे हात वर करून उभे राहिले. भावानं वाकून त्यांच्या पाठीला भोपळा करकचून बांधला. मी सांगितलं असतं तर त्यांनी घागरही बांधून घेतली असती.

मी लेक त्यांच्या हातात दिली.

आता टाहो फुटणार म्हणून आम्ही सगळे वाट बघत होतो. पोरीनं मिशांकडं बघितलं. मग आबांच्या खांद्यामागून डोकावणारा तो गोल गरगरीत भोपळा तिला दिसला. तिनं हात लांब करून त्यावर एक थाप दिली. तानपुऱ्याचाच तो, छान घुमला. तिनं परत थाप दिली आणि जी हसायला लागली ती थांबेचना. तोल सावरायला तिनं दुसऱ्या हातानं आबांची मिशी गच्च धरली होती. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मिशी ओढली म्हणून की कशानं, ते विचारायची माझी छाती नव्हती.

त्यांनी तिला चौथऱ्यावर उभं केलं. पाणी तिच्या कमरेपर्यंत आलं. भाऊ उतरला आणि मांडी घालून थेट पाण्यातच बसला, म्हणजे पोटापर्यंत बुडूनच. भाचीला मांडीवर घेतलं आणि कात्रीनं समोरची एक बट कापली. बाकीचं डोकं तासगावचा न्हावी करणार होता. ती बट पाण्यावर थोडी फिरली आणि निघून गेली. आबा पाण्याखालच्या गावाच्या दिशेनं बघत मोठ्यानं म्हणाले, "आलो रं. नात आणलीया."

मग त्यांनी पाठीवरची गाठ सोडली आणि भोपळा माझ्यापुढं धरला. "सूनबाई, आता तू बांध आन ये. लगीन झाल्यापास्नं तू सासरला आलीच न्हाईस अजून."

मी पदर खोचला, भोपळा बांधला आणि लाँचच्या कडेवरून पाय खाली सोडला. पाणी गार होतं. मग पायाला दगड लागला, पक्का, वर मऊ शेवाळ धरलेला. मी पाण्यात उभी होते! पोरीनं माझ्या पाठीवरचा भोपळा बघितला आणि आनंदानं किंकाळी फोडली. मागोमाग नवराही उतरला. जन्मल्यापासून ज्या गावाचं नुसतं नाव ऐकलं होतं, तिथं तो पँट भिजवून येड्यासारखा गोल गोल फिरत होता.

"आली का समदी?" आबांनी विचारलं. घरी रात्री दाराला कडी लावायच्या आधी ते रोज विचारत, अगदी तसंच.

"मी ऱ्हायलीया की," लाँचमधून सासूबाईंचा आवाज आला.

त्या कधी उठल्या होत्या ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ओच्यात ओटीचे तांदूळ होते, कपाळावर पदर नवरीसारखा पुढं ओढलेला. आवाज मात्र नेहमीसारखा खणखणीत. "हात देताय का मीच मारू उडी?"

आबांनी भावाच्या मांडीवरची लेक उचलून माझ्या हातात दिली, चौथऱ्याच्या कडेला गेले आणि सासूबाईंना हात दिला. त्या उतरल्या. क्षणभर पाण्यातच पायानं काहीतरी चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही कडंची पायरी. पयल्या दिवशी मी हितंच ठेचाळले व्हते, तुमी हसला व्हता."

"आज न्हाई हसत," आबा म्हणाले, आणि हसले.