वरचं शेत

माझ्या आत्याला सगळे ‘कुंपणवाली’ म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे.

आजोबांनी तरुणपणी डोंगरउतारावरचं जंगल तोडून शेत काढलं होतं. बुंधे जाळले, मुळं खणली, त्यात कंबर कायमची धरली. सुरुवातीला पीक दृष्ट लागण्यासारखं आलं. पण उतारावरची माती दर पावसाळ्यात खाली वाहून गेली. आत्या शेत बघू लागली तोवर नांगराला मातीपेक्षा दगडच जास्त लागत, आणि खालची विहीर उन्हाळ्याच्या तोंडालाच आटे.

एकदा जेवताना आत्या म्हणाली, “बाबा, यंदा वरचं शेत नांगरायचं नाही. तिथं झाडं वाढू द्यायची.”

आजोबांचा घास हातातच राहिला. “ज्याच्याशी मी जन्मभर झुंजलो, त्याला तू परत बोलावणार?”

“तुम्ही झुंजलात म्हणून आम्ही जगलो. आता जमीन थकलीय.”

“जमीन थकत नाही. माणसं आळशी होतात!”

त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी अबोला धरला.

आत्यानं रोपं लावली. काही करपली, उरलेली शेजारच्या काकांच्या शेळ्यांनी फस्त केली.

“शेळ्यांना काय कळतंय, ताई?” काका हसत म्हणाले.

“त्यांच्या मालकाला कळतं ना?” आत्यानं काट्यांचं कुंपण घातलं. शेळ्यांनी मोडलं, तिनं पुन्हा घातलं. शेवटी आतलं गवत कापून काकांच्या दारात टाकायचं तिनं कबूल केलं, तेव्हा कुठं शेळ्या बाहेर राहिल्या.

हळूहळू न लावलेली झाडंही उगवली. रान दाट झालं आणि रानडुकरं आली. त्यांनी खालचं उभं पीक लोळवलं. माझे वडील कुऱ्हाड घेऊन झाडं तोडायला निघाले. आत्या वाटेत उभी राहिली.

“दादा, आधी माझ्यावर चालव.”

तेवढ्यात ओट्यावरून आजोबा गरजले, “डुकरांपायी झाडं तोडतात होय? रानाच्या कडेनं चर खणा. छातीएवढा, उभ्या काठाचा. आम्ही तेच करायचो.”

किती वर्षांनी ते आत्याकडे वळून बोलत होते!

“तुझ्या जंगलासाठी नाही सांगत,” ते गुरगुरले. “खालच्या पिकासाठी सांगतोय.”

वडील आणि आत्या, दोघांनी मिळून चर खणला. डुकरं पुरती थांबली नाहीत, पण पीक हाती लागू लागलं. आता विहिरीला भर उन्हाळ्यातही पाणी असतं.

आजोबा मात्र शेवटपर्यंत त्या झाडीला ‘वरचं शेत’च म्हणत राहिले. आत्यानं त्यांना कधी टोकलं नाही.